लॅब्रॅडॉर आणायचाय? आधी तो कशासाठी घडवला गेला ते बघा

रानवाटा (धागाकर्ता)

ओळखीतलं कुणी ना कुणी सारखं विचारतं, "लॅब घ्यायचा म्हणतोय, शांत असतो ना?" प्रत्येकाला फोनवर तेच पुराण लावण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नुसता दुवा पाठवता येईल. लांबलंय, चहा घेऊन बसा.

लॅब्रॅडॉर हा कुत्रा कॅनडातल्या लॅब्रॅडॉर या प्रदेशातला नाहीच. तो न्यूफाउंडलंड बेटावरचा. कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिकच्या तोंडावर असलेल्या या बेटाचं पोट कित्येक शतकं एकाच माशावर चाललं, तो म्हणजे कॉड. इंग्लंडहून तिथे जाणाऱ्या कोळ्यांनी मासेमारीसाठी जी कुत्री वाढवली त्यांना बेटावरच्या सेंट जॉन्स या शहराच्या नावानं सेंट जॉन्सचे पाणकुत्रे म्हणत. मध्यम उंचीचा, दणकट, काळा, आखूड केसांचा, छातीवर नि पंजांवर पांढरे डाग असलेला हा प्राणी. गळावरून निसटलेला मासा पकडून आणायचा, जाळ्याचा दोर तोंडात धरून पोहत जायचं, ही त्याची कामं. पाणी इतकं गार की लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर बर्फाचे गोळे धरत, म्हणून आखूड, दाट, तेलकट केसांच्या कुत्र्याला मागणी. आजच्या लॅबच्या अंगावरून पाणी जसं ओघळून जातं आणि दुसऱ्या मिनिटाला तो तुमच्या पलंगावर चढायला मोकळा होतो, त्याचं मूळ इथे आहे. काही लॅबच्या छातीवर अजूनही पांढरा ठिपका उमटतो, तोही याच आजोबांचा.

कॉडचा हा व्यापार दक्षिण इंग्लंडमधल्या पूल या बंदराशी चालायचा. खारवलेल्या माशांबरोबर जहाजावरून ही कुत्रीही यायची. पूलपासून जवळच हर्न इथे माम्सबरी घराण्याची जहागीर होती, सगळा दलदलीचा, नदीकाठचा मुलूख, पाणबदकांची रेलचेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या घराण्यातल्या दुसऱ्या अर्लनं (अर्ल हा ब्रिटिश सरदारांचा किताब) ही कुत्री बदकांच्या शिकारीसाठी घेतली. तिकडे स्कॉटलंडमध्ये १८३० च्या दशकात पाचव्या बक्लू ड्यूकनं, त्याच्या भावानं आणि दहाव्या अर्ल ऑफ होमनं अशीच कुत्री स्वतंत्रपणे मागवली होती, पण पुढे ती ओळ क्षीण होत गेली. १८८० च्या दशकात सहावे बक्लू ड्यूक आणि बारावे अर्ल ऑफ होम दक्षिणेत आले असताना माम्सबरींच्या कुत्र्यांचं पाण्यातलं काम बघून थक्क झाले. माम्सबरींच्या तिसऱ्या अर्लनं त्यांना काही कुत्री दिली. त्यातले नेड (१८८२) आणि एव्हन (१८८५) हे आजच्या लॅब्रॅडॉरचे मूळपुरुष समजले जातात. याच अर्लचं १८८७ चं पत्र प्रसिद्ध आहे. आम्ही यांना लॅब्रॅडॉर म्हणतो, अंगावरचं पाणी तेलासारखं निथळतं आणि शेपूट पाणमांजरासारखी असते, अशा आशयाचं. बुडाशी जाड, टोकाला निमुळती, भोवती आखूड दाट केस, अशी ती शेपूट आजही जातीची मुख्य खूण मानतात. पोहताना सुकाणू, घरात चहाचे कप उडवायला.

मूळ गावी मात्र या कुत्र्याचे हाल झाले. बेटावर मेंढीपालन वाढवायचं म्हणून १७८० मध्येच कुत्री पाळण्यावर बंधनं आली, पुढे करही लागले. इंग्लंडनं बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांसाठी विलगीकरण सक्तीचं केल्यावर तिकडचा पुरवठाही आटला. सेंट जॉन्सचा पाणकुत्रा १९८० च्या दशकात संपला. शेवटचे उरलेले दोघेही नर होते.

आता मुद्द्याचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदूक नळीच्या तोंडातून ठासायची असे. एक बार, मग पाच गोष्टी कोंबा, मग दुसरा बार. मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि शिकारीची तऱ्हाच बदलली. हाकारे रानातून फेझंट उठवणार, शिकारी ओळीनं ठरलेल्या जागी उभे राहणार, पक्षी डोक्यावरून जाणार आणि धडाधड पडणार. सावज शोधून दाखवणाऱ्या कुत्र्यांचं काम कमी झालं, पडलेलं सावज आणून देणाऱ्याचं वाढलं. हे काम म्हणजे काय, ते नीट बघा. कुत्र्यानं मालकाच्या पायाशी बसायचं. समोर पक्षी पडताहेत, बंदुका वाजताहेत, शेजारची कुत्री थरथरताहेत, तरी हलायचं नाही. कुठे काय पडलं ते लक्षात ठेवायचं. खूण झाली की सुटायचं, काटेरी झुडपात किंवा गोठायला आलेल्या पाण्यात शिरायचं, पक्षी दात न रुतवता उचलायचा आणि हातात आणून द्यायचा. स्वतः खायचा नाही. पक्षी दिसलाच नसेल तर लांबून मालकाच्या शिट्टीकडे नि हाताकडे बघत दिशा बदलायची.

आपण ज्याला लॅबचा "शांत स्वभाव" म्हणतो तो या कामातून आलाय. तो मंद नाही. त्याच्यात दिवसभर रानात राबायची ताकद आहे आणि वर थांबायची कुवत आहे. पण ती कुवत शिकवणीनंतर दिसते. शिकवलं नाही तर उरते नुसती ताकद, आणि ती तुमच्या सोफ्यावर निघते.

ब्रिटनच्या केनेल क्लबनं (जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था) १९०३ मध्ये ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली, अमेरिकेनं १९१७ मध्ये. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत १९९१ ते २०२१ अशी सलग ३१ वर्षं तो पहिल्या क्रमांकावर होता, २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉगनं त्याला खाली ओढलं. (फ्रेंच बुलडॉगवर मी काही बोलणार नाही. ज्याला नीट श्वास घेता येत नाही अशा कुत्र्याची फॅशन यावी हे माझ्या आकलनापलीकडचं आहे.)

---

पाववडा

झकास लेख. पण आमच्या विंगमधला ब्रूनो तर अख्खा दिवस पार्किंगमध्ये पसरलेला असतो. चेंडू टाकला तर चेंडूकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, "आता तूच आण" असा चेहरा करून परत झोपतो. याच्यात कुठला ड्यूक शोधायचा?

---

रानवाटा

@पाववडा, वय किती, वजन किती?

---

पाववडा

सहा-सात वर्षांचा असेल. वजन विचारलं तर काकू रागावतात. पण लिफ्टमध्ये तो असला की आम्ही जिन्यानं जातो.

---

डॉ. शेपटी

मग त्याचा "स्वभाव" हा बराचसा गुडघ्यांचा आणि खुब्यांचा प्रश्न आहे. अमेरिकन मानकाप्रमाणे नर साधारण २९ ते ३६ किलो, मादी २५ ते ३२ किलो. दवाखान्यात माझ्यापुढे येणारे बरेच लॅब याच्या वर असतात आणि मालक म्हणतात, "हाडापेरानं मोठा आहे." बरगड्यांवर हात फिरवा. थोडं दाबल्यावर बरगडी लागली पाहिजे. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे.

लॅबच्या हावरटपणावर एक महत्त्वाचं संशोधन आहे, ते मुद्दाम सांगतो, कारण त्यावरून कुत्र्याला शिव्या देणं थांबेल. २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटानं दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवायच्या साखळीत हे जनुक काम करतं. निरोपच अर्धवट, त्यामुळे भूक सरत नाही. २०२४ मध्ये त्याच गटानं पुढचं दाखवलं. हा बदल असलेली कुत्री विश्रांतीत ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी, दोन्हीकडून मार. मजा अशी की २०१६ च्या अभ्यासात अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅबमध्ये हा बदल तब्बल ७६ टक्क्यांत सापडला. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा खाऊवर पटकन शिकतो, म्हणून नकळत तेच निवडले गेले असावेत, असा संशोधकांचा कयास.

तेव्हा जेवताना तो तुमच्याकडे ज्या डोळ्यांनी बघतो, ते नाटक नाही. त्याला खरंच भूक लागलेली असते. तरीही द्यायचं नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. ४८ लॅब पिल्लं, एकाच वेतातल्या जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, भरपेट खाणाऱ्यांचं ११.२. सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. ब्रूनोच्या काकूंना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

---

पाववडा

वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना सांग पोराचं वजन मोजू नये, दृष्ट लागते.

---

टिल्लूची आई

रानवाटा, "ताकद सोफ्यावर निघते" हे वाक्य फ्रेम करून लावणार आहे. आमच्या टिल्लूनं (काळी, मादी) पहिल्या दीड वर्षात सोफ्याचा एक हात, माझ्या सासऱ्यांचा कानयंत्राचा डबा, दाराची चौकट आणि असंख्य चपला संपवल्या. सगळे सांगत होते, "लॅब आहे, शांत होईल." वय वाढून ती शांत झाली नाही. काम मिळाल्यावर झाली.

आमच्या प्रशिक्षकांनी एक साधी गोष्ट सांगितली: हिचं तोंड रिकामं ठेवू नका. मग सकाळचा पेपर वर आणणं तिचं काम. भाजीची हलकी पिशवी गेटपासून दारापर्यंत तिची. कुणी आलं की ती धावत जाऊन काहीतरी तोंडात घेऊन येते, मोजा, उशी, जे सापडेल ते. पाहुण्यांना वाटतं भेट आणली. तोंडात काहीतरी असलं की अंगावर उड्या मारत नाही, हा आमचा शोध. एकदा ओट्यावरून घरंगळलेलं कच्चं अंडं तिनं उचलून माझ्या हातात आणून दिलं होतं, तडाही न जाता. दात न रुतवता म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

आणि कृपया, दोन्ही नवराबायको सकाळी आठला निघून रात्री आठला येणार असाल तर नका घेऊ. हा कुत्रा माणसाशेजारी बसून काम करायला घडवलेला आहे असं धाग्यातच लिहिलंय. एकटा ठेवला की तो भुंकून इमारत डोक्यावर घेतो आणि मग सोसायटीच्या गटावर आपलीच निघते.

---

माणदेशी

माहिती चांगली हाय, पण एक सांगा. गोठलेल्या पाण्यात पोहायला बनवलेलं कुत्रं आमच्याकडं मे महिन्यात ४२ डिग्रीत कशाला आणायचं? आपल्याकडं कारवान हाय, मुधोळ हाय. पळायला लागलं की डोळा ठरत न्हाई. अंगावर चरबी न्हाई, केस न्हाई, ऊन सोसतंय. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जपली, सैन्यात पण घेत्यात आता. पण आपल्याला परदेशी शेपूट पाहिजे. एसी लावून झोपवायचं आणि वर म्हणायचं प्राणीप्रेम.

---

रानवाटा

@माणदेशी, उन्हाबद्दल शंभर टक्के मान्य. कारवान माझाही आवडता कुत्रा. पण तुलना करताना काम बघा. कारवान आणि मुधोळ नजरेनं सावज धरून स्वतःच्या जोरावर पाठलाग करणारे. ससा उठला की मालकाला विचारायला थांबायचं नसतं, थांबला तर ससा गेला. त्यामुळे ते स्वतंत्र डोक्याचे, परक्याशी अंतर ठेवून वागणारे. तो त्यांचा दोष नाही, तसंच काम होतं. लॅबचं सगळं काम माणसाला विचारून करायचं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुधोळ आणणाऱ्यालाही मी नकोच म्हणेन.

---

माणदेशी

फ्लॅटमदी मुधोळ? आवो त्यापरीस मालकालाच मोकळ्या रानात सोडा.

---

डॉ. शेपटी

उन्हाचा मुद्दा गंभीर आहे, हसण्यावारी नेऊ नका. विदर्भ-मराठवाड्यातच नाही, पुण्यातसुद्धा दर उन्हाळ्यात उष्माघाताचे लॅब येतात. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, धापा टाकून तो अंग गार करतो. एप्रिल-मेमध्ये फिरणं सूर्योदयाच्या आसपास आणि रात्री. डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसतो. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली, झोकांड्या जातात असं दिसलं तर साध्या गार पाण्यानं भिजवत, पंखा लावत दवाखाना गाठा.

आणि उन्हाळ्यात गुळगुळीत भादरून आणू नका. दोन थरांचे केस उष्णता आत शिरण्यापासूनही बचाव करतात. रोज विंचरून आतले सुटे केस काढा, ते पुरतं. केस गळतात ही तक्रार घेऊन येऊ नका. लॅबचे केस वर्षभर गळतात आणि वर्षातून दोनदा जास्त गळतात. आमटीत केस चालत नसेल तर दुसरी जात बघा.

---

निवृत्त हवालदार

मी श्वानपथकात नव्हतो, पण मुंबईत नोकरी गेली आणि बंदोबस्ताला ही मंडळी कायम बरोबर असायची. म्हणून दोन शब्द.

१९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात जंजीर नावाचा लॅब होता. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब, ६,४०६ जिवंत काडतुसं, हा त्याच्या नावावरचा हिशेब. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगानं गेला, पोलीस इतमामात निरोप दिला. त्याच्या अंगावर फुलं वाहणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अजून फिरतो. २६/११ ला मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे होते. सीझरनं सीएसटीला बॉम्ब शोधला. निवृत्तीनंतर चौघांना विरारकडच्या एका शेतावर एकत्र ठेवलं होतं. २०१६ या एका वर्षात एकेक करत चौघेही गेले, सीझर सगळ्यात शेवटी.

लोक विचारतात, या कामाला अल्सेशियन का नाही? अल्सेशियनही असतात, गुन्हेगाराच्या मागावर ते चांगले. पण रेल्वे स्टेशनच्या गर्दीत, लहान पोरं अंगाला हात लावताहेत, कुली ओरडताहेत, अशा जागी लॅब डोकं शांत ठेवून नाक चालवतो. लोकही घाबरत नाहीत. स्फोटक सापडलं की त्यानं भुंकायचं नाही, खणायचं नाही, नुसतं खाली बसायचं. आता वरचा बंदुकीशेजारी बसायचा भाग वाचला आणि म्हटलं अरे, हे तर तेच!

हँडलर बदलला तरी हा लवकर जुळवून घेतो, हाही मोठा फायदा. बक्षीस काय, तर एक चेंडू. चेंडूसाठी जीव टाकतात.

लष्करातली मानसी पण लॅबच. २०१५ मध्ये उत्तर काश्मीरमध्ये घुसखोरांशी झालेल्या चकमकीत ती आणि तिचा हँडलर दोघेही धारातीर्थी पडले. नंतर लष्करी खलित्यात तिचा गौरवानं उल्लेख झाला.

---

टिल्लूची आई

हवालदार काका, हे वाचून टिल्लूला जरा जास्त मान देणार आहे. तिनंही काल आरडीएक्सइतक्या निष्ठेनं कचऱ्याच्या डब्यातलं कोंबडीचं हाड शोधलं.

---

अटलांटिकचा सदू

नोकरीनिमित्त सध्या सेंट जॉन्सलाच आहे, म्हणून खाते उघडून पहिल्यांदाच लिहितोय. इथे बंदराजवळच्या बागेत न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉर या दोन्ही कुत्र्यांचे पुतळे आहेत. पर्यटक त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात, आई-बाबा आले तेव्हा आम्हीही काढला.

पाणी किती गार असतं याची कल्पना कोकणात वाढलेल्या माणसाला येत नाही. वसंतात किनाऱ्याजवळून हिमनग वाहत जाताना दिसतात. जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात उतरलो, तर पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळेना. शेजारच्या बाईंचा लॅब त्याच पाण्यात काठी आणायला हौसेनं पुन्हा पुन्हा उड्या मारत होता. वर आला, एकदा अंग झटकलं, कोरडा. तो थर बघितल्यावर माणदेशींचं म्हणणं मला पटलं, खरं सांगतो.

---

गोदाकाठ

उपयुक्त धागा. माझा प्रश्न रंगाचा. नाशकात एका विक्रेत्यानं "सिल्व्हर लॅब" दाखवला, दुर्मिळ म्हणून साध्याच्या दुप्पट भाव. दुसरा म्हणतो "फॉक्स रेड" घ्या, तो कामाचा असतो. तिसऱ्याच्या मते चॉकलेट जास्त प्रेमळ. काय खरं?

---

डॉ. शेपटी

तीन मान्य रंग: काळा, पिवळा, चॉकलेट. फॉक्स रेड ही पिवळ्याचीच गडद छटा, वेगळी जात नाही. फिकट दुधीही पिवळाच. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब बेन ऑफ हाइड, १८९९ चा. त्याआधी पिवळी पिल्लं नकोशी समजली जात, काळाच खरा असा समज होता.

रंग दोन जनुकांवर ठरतो. एक काळा की चॉकलेट ते ठरवतं, दुसरं तो रंग केसांत उतरू द्यायचा की नाही ते. दुसऱ्यानं अडवलं की कुत्रा पिवळा, मग पहिलं काहीही असो. म्हणून काळ्या आई-बापांना एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्लं होऊ शकतात, पण दोन पिवळ्यांना पिवळीच होतात. विक्रेता दोन पिवळ्या पालकांचं म्हणून काळं पिल्लू दाखवत असेल तर दोघांपैकी एक पालक खोटा आहे.

सिल्व्हर म्हणजे रंग फिका करणाऱ्या तिसऱ्याच जनुकाचा खेळ. तो लॅबमध्ये मुळात होता की वायमरनर या करड्या जर्मन शिकारी कुत्र्याशी संकर होऊन आला यावर भांडणं आहेत. केनेल क्लब हा रंग मान्य करत नाहीत. दुप्पट पैसे कशाचे, तर अमान्य रंगाचे.

चॉकलेटबद्दल: ब्रिटनमधल्या हजारो लॅबच्या दवाखाना-नोंदींवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. चॉकलेटचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं, बाकीच्यांचं १२.१. कानाचे आजार काळ्यांच्या जवळजवळ दुप्पट. चॉकलेट-चॉकलेट असा सारखा मेळ लावत राहिल्यानं आजारांची इतर जनुकं गोळा झाली असावीत, असा अंदाज. प्रेमळपणा रंगावर नसतो, पिल्लू पहिल्या तीन-चार महिन्यांत किती माणसं, आवाज, जागा बघतं त्यावर असतो.

---

मांडवीकर

कानांचा विषय निघालाच आहे तर गोव्याहून भर घालतो. आमचा बाळू रोज संध्याकाळी समुद्रात. पावसाळा आणि पोहणं, दोन्हीत लोंबते कान ओले राहतात आणि आत वास मारू लागतो. पोहून आल्यावर गोड्या पाण्यानं अंघोळ आणि कान कोरडे करणं न चुकता, एवढं केलं तरी निम्मा त्रास जातो. गोचिडांसाठी पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून औषध सुरू करा, गोचीडतापानं इकडे धडधाकट कुत्री गेलेली पाहिली आहेत.

एक विचित्र प्रकारही सांगतो. एकदा खूप वेळ पोहल्यावर दुसऱ्या दिवशी बाळूची शेपूट मेल्यासारखी लोंबत होती, हात लावू देईना. आम्ही हादरलो, वाटलं मोडली.

---

डॉ. शेपटी

@मांडवीकर, शेपटीच्या बुडातले स्नायू ताणले-सुजले की असं होतं. फार पोहणं, गार पाणी, सवयीपेक्षा जास्त श्रम ही कारणं. कामाच्या लॅबमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं. वेदनाशामक आणि विश्रांतीनं बहुधा काही दिवसांत उतरतं. माणसांच्या गोळ्या घरी देऊ नका, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात.

---

पाववडा

एक शंका. बंदुकीशेजारी बसणारा हा वीर दिवाळीत पलंगाखाली का जातो? ब्रूनो फुलबाजीलाही घाबरतो.

---

रानवाटा

शिकारी कुत्र्यालाही आवाजाची ओळख करून द्यावी लागते. आधी लांबून, हलका बार, त्याच वेळी आवडीचं काम. मग हळूहळू जवळ. आवाज म्हणजे आता काम मिळणार, हे त्याच्या डोक्यात बसतं. ब्रूनोला पिल्लू असताना थेट लवंगी माळ दाखवली असणार. शिवाय आज आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक लॅबमागे कित्येक पिढ्या शिकारीचा संबंध नाही. प्रदर्शनासाठी वाढवलेली ओळ अंगानं जड, डोक्यानं रुंद, चालीनं संथ. कामाची ओळ सडपातळ, उंच वाटणारी, अखंड तयार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच बंद, आणि ते योग्यच झालं, त्यामुळे कामाची ओळ वाढवायला कुणाला कारण उरलं नाही. पण कापडी डमी लपवून शोधायला लावा, तळ्यात फेका, बसवून ठेवून मग सोडा. रोज वीस मिनिटं डोक्याचं काम दिलं तर तासभर नुसतं ओढत फिरवण्यापेक्षा कुत्रा जास्त थकतो.

---

गोदाकाठ

सगळं वाचून काळा नर घ्यायचं ठरवलंय. घरात आई-बाबा दिवसभर असतात, अंगण आहे, गोदावरी जवळ आहे. रविवारी पिल्लू बघायला जातोय. काय काय विचारू?

---

डॉ. शेपटी

आई बघा, शक्य तर बापही. आईच्या स्वभावावरून खूप कळतं. खुबे आणि कोपरांचे एक्स-रे काढलेत का विचारा, लॅबमध्ये सांध्यांची ही विकृती आनुवंशिक असते. जास्त पळाल्यावर मागचे पाय लुळे पडणं आणि हळूहळू अंधत्व येणं या दोन दोषांसाठी डीएनए चाचण्या उपलब्ध आहेत, आपल्याकडे फार थोडे लोक करतात, तरी विचारा. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. लसीकरणाची वही बघा. आणि नुसत्या केनेल क्लबच्या कागदावर जाऊ नका. त्यावर वंशावळ असते, तब्येत नसते.

---

टिल्लूची आई

पिल्लांत सगळ्यात आधी धावत येऊन तुमची बुटाची लेस सोडणारं घेऊ नका. आमची तीच होती. :)

---

गोदाकाठ

आत्ताच विक्रेत्याला फोन केला. म्हणतो आई गावाला आहे, दाखवता येणार नाही. पिल्लू ३५ दिवसांचं आहे, "आत्ताच न्या, नंतर माया लागत नाही." पाहिजे तर नाशिक रोडला स्टेशनबाहेर आणून देईन म्हणाला.

---

माणदेशी

आई गावाला? कशाला गेली, माहेरपणाला?

---

रानवाटा

@गोदाकाठ, रविवारी जाऊ नका. त्याला पैसे तर अजिबात देऊ नका, आगाऊसुद्धा नाही. मुंबई-पुण्यात मालकांनी सोडून दिलेले, दोन-चार वर्षांचे लॅब प्राणिसंस्थांकडे बरेच येतात. सोफा खायचं वय उलटलेलं असतं. तुमच्या घरी माणसं असतात, तर तोही पर्याय बघा. नाहीतर थांबा, चांगल्या माणसाकडे यादीत नाव घालून सहा महिने वाट बघायला लागली तरी चालेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.